एलिमिनेशन डाएटमध्ये गोडाची तलफ: दुपारच्या चार वाजताचा बंदोबस्त

माझ्या पथ्याचा सतरावा दिवस सत्यनारायणाच्या शिऱ्यात बुडाला. शेजारच्या काकूंनी द्रोण हातात ठेवला. मी कणभर शिरा चिमटीत घेतला, कपाळाला लावला, तोंडात टाकला, आणि पाच मिनिटांनी द्रोण रिकामा होता. रात्री पोटात गुबारा धरला. आता तो कशाने धरला म्हणायचा? शिऱ्यात रवा म्हणजे गहू, शिवाय दूध, तूप, साखर, केळं. सोळा दिवस ताटाबाहेर ठेवलेलं बरंच काही एका द्रोणातून परत आलं होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी वही पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून मोजू या."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एलिमिनेशन डाएट म्हणजे संशयित पदार्थ काही आठवडे पूर्ण बंद करायचे, त्रास कमी होतो का पाहायचं, आणि मग एकेक पदार्थ परत आणून कोणता बाधतो ते शोधायचं. वजन कमी करण्याशी याचा संबंध नाही. हा तपास आहे, आणि तो संपवायचा असतो. माझ्या यादीत गहू, दूध आणि दुधाचे पदार्थ, शेंगदाणे, सोया, मका आणि वरून घातलेली साखर-गूळ-मध होतं. मुदत चार आठवडे. पोळीवाचून राहिले, दह्यावाचूनही राहिले. छळलं ते गोडाने. आमच्याकडे गोड कधी एकटं येत नाही, मैदा, खवा, दूध, शेंगदाणा यांना बरोबर घेऊनच येतं. त्यामुळे जीभ एकदा घसरली की साखरेसोबत अख्खा प्रयोग घसरतो.

खालच्या पायऱ्या मी चुकत शिकले. दुसऱ्या फेरीत पार पडलं.

आधी हे वाचा

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, मूल वाढीच्या वयात असेल, किंवा पूर्वी खाण्यापिण्याचा मानसिक आजार झाला असेल, तर हे पथ्य मनाने सुरू करू नका. मधुमेहाच्या औषधांवर असताना दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ती तलफ नाही, रक्तातली साखर उतरलेली असू शकते. तेव्हा पथ्य बाजूला ठेवून ताबडतोब साखर खायची. आणि एखाद्या पदार्थाने कधी ओठ-चेहरा सुजला असेल, श्वास लागला असेल, तर तो पदार्थ घरी परत करून पाहायचा नाही. ते काम दवाखान्यातलं.

१. साखर तुमच्या यादीत खरंच आहे का, ते विचारून घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात. एलिमिनेशन डाएट एक नाही, अनेक प्रकारचे आहेत. पोटाच्या तक्रारींसाठी सध्या बरेच डॉक्टर 'लो फॉडमॅप' सुचवतात, म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणारी ठरावीक कर्बोदकं कमी करायचं पथ्य. तो ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झाला. त्यात कांदा, लसूण, गहू, बऱ्याच डाळी-कडधान्यं, दूध, आंबा, सफरचंद, मध बंद असतात. नेहमीची पांढरी साखर मात्र बेताने चालते! माझ्या मावसबहिणीने या डाएटमध्ये तीन आठवडे साखर सोडून मध घेतला. 'मध नैसर्गिक असतो ना' हे तिचं कारण. चालणारी गोष्ट सोडली आणि नेमकी बंद असलेली धरली.

तेव्हा यादी कागदावर लिहून घ्या. साखर बंद असेल तर गुळाचं काय, फळांचं काय, किती दिवस, हेही तिथेच विचारा. साखर यादीत नसेल तर उगाच स्वतःला छळू नका. चहात एक चमचा घाला आणि बाकीचं पथ्य नीट पाळा.

२. कागद आणि सामान

गहू बंद करण्याआधी सीलिॲक आजाराची (यात गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते) रक्ततपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. टीटीजी-आयजीए असं तिचं नाव. ही तपासणी गहू रोजच्या खाण्यात असतानाच करावी लागते. आधीच सोडला असेल तर आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. मी उत्साहात दोन महिने पोळी सोडून बसले होते. मग डॉक्टरांनी सहा आठवडे परत पोळ्या खायला लावल्या आणि त्यानंतर रक्त घेतलं. तेवढे दिवस फुकट गेले.

बाकी जमवायचं ते असं:

- जुने रिपोर्ट: हिमोग्लोबिन, थायरॉइड, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी).
- चालू औषधांची यादी, त्यात काढे, चूर्णं, होमिओपॅथीच्या गोळ्याही. त्या गोड पांढऱ्या गोळ्या साखरेच्या नाहीतर दुधातल्या साखरेच्या असतात. आसव-अरिष्टांत गूळ किंवा मध असतो, च्यवनप्राशात साखर भरपूर. मनाने काही बंद करू नका, फक्त विचारा.
- दोनशे पानी वही. मोबाइलमध्ये लिहिणार असाल तरी चालेल, पण रोज लिहा.
- नेहमीपेक्षा मोठा डबा. का, ते पुढे येईल.
- ज्वारी, नाचणी, तांदळाचं पीठ. गिरणीत दळायला देत असाल तर आधी गहू दळलेला नाही ना, बघा.
- हिंग बदला. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. गहू सोडून फोडणीतून तोच खाणारे कमी नाहीत.

३. तारीख निवडा, आणि चहा आधी उतरवा

श्रावण ते दिवाळी हा काळ सोडा. नारळीभात, मोदक, दसऱ्याचं श्रीखंड, फराळ, एवढ्या फौजेसमोर कोण टिकणार? मला संक्रांतीनंतरचे दिवस बरे वाटले. तिळगूळ संपलेला असतो आणि पाडवा लांब असतो. घरात लग्नकार्य असेल तर ते होऊन जाऊ द्या.

आता चहा. माझे दिवसाला तीन कप, प्रत्येकात दोन चमचे. सपाट चमचा म्हणजे चार-पाच ग्रॅम साखर, म्हणजे नुसत्या चहातून पंचवीस-तीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या सूचनेनुसार वरची साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. दोन हजार कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे पंचवीस ग्रॅम. माझा कोटा बिस्किटाआधीच संपत होता.

पहिल्या फेरीत मी सोमवारी सकाळी साखर, दूध आणि चहा तिन्ही एकदम बंद केलं. मंगळवारी डोकं असं ठणकलं की ऑफिसातून अर्ध्या दिवसाने घरी आले. सगळ्यांनी सांगितलं, 'शरीरातली साखर निघतेय.' कसली साखर! ते दुखणं चहातल्या कॅफीनचं होतं. कॅफीन अचानक सोडलं की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, पहिले दोन दिवस जोर असतो, आणि ते आठवडाभरही रेंगाळू शकतं. अशा डोकेदुखीत माणूस हमखास बिस्किटाचा पुडा फोडतो.

दुसऱ्या खेपेला पथ्याच्या तीन आठवडे आधीपासून दर चार दिवसांनी कपामागे पाव चमचा साखर कमी केली. चहा सोडलाच नाही. दुधाऐवजी गवती चहा आणि आलं घालून कोरा घेतला. पहिले काही दिवस काढा प्यायल्यासारखं वाटलं, नंतर सवय झाली.

४. तलफ वहीत मांडा

पोटाच्या तक्रारी सगळेच लिहितात. तलफही लिहा: किती वाजता, शून्य ते दहात किती, त्याआधी शेवटचं कधी आणि काय खाल्लं, रात्री झोप किती, आणि आसपास काय चाललं होतं. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी:

"मंगळवार. ४.१०. तलफ ८. जेवण पावणेबाराला, एकच भाकरी, दुधीची भाजी. झोप साडेपाच तास. तक्ता दुसऱ्यांदा परत आला. शेजारच्या टेबलावर कटिंग आणि ग्लुकोज बिस्किटं."

दहा-बारा दिवसांनी पानं चाळली तर निम्म्याहून जास्त नोंदी साडेतीन ते पाचमधल्या होत्या. रविवारी त्या वेळेला जवळपास काहीच नाही, कारण रविवारी जेवायलाच दीड वाजतो. पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत आकडे वर. अपुऱ्या झोपेच्या दुसऱ्या दिवशी वर. 'मी गोडघाशी आहे, माझा ताबा नाही' हे माझं जुनं पालुपद त्या वहीने खोटं ठरवलं. मला गोड हवं होतं ते ठरावीक वेळी आणि ठरावीक कारणाने. कारण सापडलं की इलाज करता येतो.

५. पोट भरा

हीच मुख्य पायरी. हिच्यापुढे बाकीच्या फुटकळ आहेत.

पथ्य लागलं की आपण काय काय सोडलं ते मोजतो, त्याच्या जागी काय घातलं ते मोजत नाही. माझ्या डब्यात आधी तीन पोळ्या, भाजी, दही असायचं. पथ्यात एक भाकरी आणि तीच भाजी. दही गेलं, शेंगदाण्याची चटणी गेली, दुधाचा चहा गेला. म्हणजे प्रथिनं आणि स्निग्ध दोन्ही निघून गेलं आणि जागा रिकामीच राहिली. चार वाजता शरीर सगळ्यात लवकर मिळणारी शक्ती मागणार, म्हणजे साखरच.

ओळखायची खूण सोपी आहे. तलफ आली की स्वतःला विचारा: आत्ता समोर गरम भाकरी आणि पिठलं आलं तर खाईन का? उत्तर 'हो' असेल तर ती भूक आहे, जेवा. 'नाही, मला पेढाच हवा' असं असेल तर ती तलफ, तिचा इलाज आठव्या पायरीत.

माझ्या यादीत बसलेलं दिवसाचं खाणं साधारण असं होतं. तुमच्या यादीप्रमाणे बदला.

सकाळी तांदळाची घावनं आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, किंवा मुगाची धिरडी, किंवा दोन अंडी आणि भाकरी. पोहेही चालतात, शेंगदाणे न घालता, वरून भरपूर खोबरं. बाजारचं थालीपीठ टाळा, भाजणीत गहू असतो. डब्यात दोन भाकऱ्या, उसळ किंवा मासे, भाजी, काकडी. भाकरीवर तेल नाहीतर तीळ-खोबऱ्याची चटणी सढळ हाताने. कोरडी भाकरी खाऊन शूर व्हायची गरज नाही. आणि साडेतीनला, तलफेच्या आधी, मूठभर फुटाणे आणि सुक्या खोबऱ्याचा तुकडा. घड्याळ लावून खा. चारची वाट पाहिलीत तर फुटाण्याकडे बघवत नाही. (लो फॉडमॅपवाल्यांनी उसळ आणि फुटाणे आपल्या यादीत तपासून घ्या.)

डबा मोठा केल्यावर चौथ्या दिवशी वहीतला आठ हा आकडा चारवर आला. माझ्या बाबतीत तरी निम्मी लढाई तिथेच संपली.

६. छुपी साखर आणि गोडाचे सोंगाडे

मराठी स्वयंपाकात, त्यातून आमच्यासारख्या घरात, आमटीला गूळ, भाजीला साखरेची चिमूट, कोशिंबिरीला साखर, लिंबाच्या लोणच्यात साखर. स्वयंपाक दुसरं कोणी करत असेल तर आधीच सांगा, आणि आपली आमटी गुळाआधी वेगळी काढून घ्या. चिंचेऐवजी आमसूल घातलं तर गुळाची उणीव कमी जाणवते, हा सासूबाईंचा शोध.

विकतच्या पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप ही सगळी त्याच घराण्यातली. सॉस, तयार सूप, चिवडा, लसूण शेव, सगळ्यांची पाठ वाचा. त्याच पाठीवर दूध, गहू, सोया असल्याचीही वेगळी ओळ असते.

सोंगाड्यांबद्दल थोडक्यात. गूळ ही मुख्यतः साखरच. मधात सुमारे ऐंशी टक्के साखर. खजुरात वजनाच्या निम्म्याहून जास्त, त्यामुळे 'शुगर फ्री' म्हणून मिळणारे खजूर-लाडू हसून नाकारा. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल घातलेली च्युइंगम आणि चॉकलेटं तर मुळीच नको. त्यांनी स्वतःच गॅस आणि जुलाब होऊ शकतात. मग पोट कशाने बिघडलं, हे कसं कळणार? स्टीव्हियाने तसं सहसा होत नाही, पण जिभेची गोडाची खोड तशीच राहते. मी टाळला.

आख्खं फळ मला चालत होतं, दिवसाला दोन. पेरू, पपई, केळं. रस काढून नाही, चावून. उकडलेलं रताळं तर पथ्यातलं पक्वान्न.

७. प्रसाद, हळदीकुंकू आणि 'एवढंसं घे गं'

'मला चालत नाही' असं म्हटलं की प्रश्न सुरू होतात. 'डॉक्टरांनी महिनाभर बंद केलंय, पुढच्या महिन्यात हक्काने खाईन' म्हटलं की लोक सोडतात. मुदत सांगणं महत्त्वाचं. प्रसाद हातात घ्या, नमस्कार करा आणि घरच्या कुणाच्या तरी हातात लगेच द्या. वाटी खाली ठेवून गप्पा मारत बसू नका, माझं तिथेच चुकलं. समारंभाला जेवून जा. ऑफिसात वाढदिवसाचा केक कापताना पुढे उभं राहू नका, फोटो मागूनही चांगला येतो.

८. तलफ आलीच तर, आणि मोडलंच तर

खरी तलफ लाटेसारखी चढते आणि उतरते. माझी वीसेक मिनिटांत उतरायची. तेवढा वेळ काढायला तोंडात लवंग किंवा वेलदोडा, नाहीतर आवळ्याची फोड. आवळा चावून वर साधं पाणी प्यायलं की पाणी गोड लागतं, हे लहानपणीचं नवल इथे चक्क कामाला आलं. जिना उतरून चढा, फोन करा. घरात पेढ्यांचा पुडा असेल तर तो घराबाहेर जाईल असं बघा. फडताळात वरच्या फळीवर ठेवून काही होत नाही, स्टूल असतं घरात.

एवढं करूनही मोडणार असेल तर? माझ्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेली ही युक्ती मला सगळ्यात मोलाची वाटते. घरात छोट्या डबीत खडीसाखर ठेवा. अगदीच राहवेना तर दोन खडे चघळा आणि वहीत वेळ लिहा. पथ्य मोडलं, पण एकाच पदार्थापुरतं. गहू, दूध, शेंगदाणे अजून बाहेरच आहेत, तपास चालू राहतो. पेढ्याने किंवा क्रीमच्या बिस्किटाने मोडलंत तर यादीतल्या दोन-तीन गोष्टी एकदम आत शिरतात. तुमच्या तज्ज्ञांना विचारून ठेवा, कारण मोडल्यावर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे की नाही ते तेच ठरवतील. दुसऱ्या फेरीत ती डबी मी दोनदा उघडली. डबी आहे, एवढ्यावरच एरवीचे दिवस निभले असावेत.

आणि मोडल्यावर दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपास करू नका. उपाशी राहिलात की चार वाजता पुन्हा तेच.

९. परत आणताना

चार आठवडे झाले, पोट शांत आहे, म्हणून आनंदाने पुरणपोळीवर हात मारायचा नाही. एका वेळी एकच पदार्थ. पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी जरा जास्त, तिसऱ्या दिवशी नेहमीएवढा, मग काही दिवस थांबून नोंद. त्रास झाला तर तिथेच थांबा आणि पोट पूर्ण शांत झाल्यावरच पुढचा पदार्थ घ्या.

साखर परत आणताना ती चहातून आणू नका, चहात दूध असतं. लिंबाच्या सरबतात आणा. लिंबू, पाणी, मीठ, एक चमचा साखर, दुसऱ्या दिवशी दोन. दूध वेगळं, आणि गहू आणायचा तो साध्या पोळीच्या रूपाने, केकच्या रूपाने नाही.

माझ्या बाबतीत साखर निर्दोष सुटली. गहूही सुटला. पकडलं गेलं ते दूध. दुसऱ्या दिवशी अख्खा पेला प्यायले आणि दोन तासांत गुबारा. दही नंतर वेगळं करून पाहिलं, ते वाटीभर चालतं. श्रीखंडाची परीक्षा अजून राहिली आहे, ती पाडव्याला ठेवली आहे. वही तीच, फक्त पान नवीन.